कडेने आत

एकलहऱ्याला एकतीस वर्षं मी वाफेच्या नोकरीत होतो.
ती वाफ दिसायची नाही.
दिसली तर पळायचं,
एवढं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.
तेलाचा तिला स्पर्श नव्हता.
तेल बेअरिंगांचं, वाफ पात्यांची,
दोघांचे पाइप वेगळे, रंग वेगळे,
रजिस्टरंसुद्धा वेगळी.

आता सिडकोतल्या गॅलरीत
माझं इंजिन पाटावर मावतं.
दट्ट्या करंगळीएवढा,
बॉयलरात दोन पेले पाणी,
खाली स्पिरिटचा दिवा.
आणि ही एवढीशी वाफ
तेलाशिवाय पाऊल टाकत नाही.

म्हणून तिच्या वाटेवर एक डबी.
थोडी वाफ डबीत शिरते, पाणी होऊन तळाशी बसते,
तेवढंच तेल वर उचललं जातं.
थेंब.
मग बऱ्याच वेळाने थेंब.
सिलिंडरची कुरकुर थांबते,
पण काम उरकलेली वाफ बाहेर पडते
ती तोंड न पुसता.

खालच्या मजल्यावरच्या निर्मलाताई गांगुर्डे
भांडायला आल्या नाहीत.
वाळत घातलेल्या कुरडयांचं ताट घेऊन आल्या.
"ठिपके बघा," म्हणाल्या,
"सत्तेचाळीस मोजले मी."
त्या गेल्यावर... नाही, समोरच मोजले.
एकोणपन्नास होते.
बोललो नाही.

पहिलं भांडं मी पावडरच्या डब्याचं केलं.
मधोमध नळी, आत तारेचा चोथा कोंबलेला.
वाफ समोरच्या भिंतीवर आपटली, खोकली,
आणि तेल होतं तसं घेऊन वर निघून गेली.
उलट इंजिनालाच धाप लागली.
बाहेरची वाट तुंबली
की आतलं काम अडतं,
हे मला एकतीस वर्षांनी
पावडरच्या डब्याने सांगावं!

तांबट आळीत हरिहर वडके.
तिथे कुणी हळू बोलत नाही,
ठोक्यांच्या वर आवाज काढता काढता
गळे मोठे झालेत, कान बारीक.
मी कागदावर चित्र काढलं.
त्यांनी पेन्सिल घेतली,
मधली नळी खोडली
आणि भांड्याच्या अंगाला घासून नवी ओढली.
"मधोमध घुसली तर भांडणारच!" ओरडले,
"कडेने आत घे. फिरू दे तिला.
फिरता फिरता जड असतं ते भिंत धरतं."

तिसऱ्या दिवशी भांडं तयार.
लिंबाएवढं, मठारलेलं,
प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला जेमतेम शिवलेला.
वर उभी नळी, खाली चिमणा कॉक.
किती द्यायचे, विचारलं.
"चालू करून दाखव."

रविवारी ते दोन जिने चढून आले.
निर्मलाताई पांढरा रुमाल घेऊन आल्या
आणि धुराड्यावर धरून उभ्या राहिल्या,
बॉयलरातलं पाणी सरत येईपर्यंत,
हात बदलत.
रुमाल ओला झाला.
उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला.
नुसता ओला.

मी खालचा कॉक उघडला.
बाटलीत ताकासारखं काही उतरलं,
धड तेल नाही, धड पाणी नाही.
निर्मलाताई म्हणाल्या, "हे आता वेगळं कसं करणार?"
म्हटलं, खिडकीत ठेवू. संध्याकाळपर्यंत
त्याचं त्याला कळेल.

तोवर दिव्यात थोडं स्पिरिट उरलं होतं,
चाक अजून पळत होतं.
वडक्यांना त्याचा आवाज येत नव्हता,
एवढासा फुसफुसाट कुठून पोचणार.
त्यांनी तापलेल्या तांब्याला पंजा लावला,
झटकला, फुंकर मारली,
पुन्हा लावला.

"फिरतंय," म्हणाले,
इतकं हळू
की मला पुढे वाकावं लागलं.